बाळबांधणी घरातच व्हायला हवी



या पानावर मी एरवी बेणे, लागण, खोडवा, हुमणी असल्या विषयांवर लिहीत असतो. या अंकात विषय वेगळा घेतला आहे, तेव्हा त्याचे कारण आधी सांगितले पाहिजे. ऊस नोंदीच्या व प्लॉट पाहणीच्या निमित्ताने आम्हा शेतकी खात्यातील मंडळींचे वर्षभर आपल्या वस्तीवर येणे-जाणे असते. ओसरीवर बैठक बसते, चहा येतो, सात-बारा निघतो, आणि त्याच वेळी खांबाला टेकून चार-पाच वर्षांचे एखादे पोर आपले सगळे बोलणे कान देऊन ऐकत असते. आपण म्हणतो, "त्याला काय कळतंय!" माझे म्हणणे असे की, त्या बैठकीत सगळ्यात जास्त शिकून उठते ते तेच पोर. एकरी टनेज वाढावे म्हणून आपण जेवढा विचार करतो त्याच्या निम्मा विचार जरी या पोराच्या मनाचा केला तरी पुढच्या पिढीचे पुष्कळ भले होईल.

अलीकडे वाडीवस्तीवर शाळेच्या पिवळ्या गाड्या येतात. साडेतीन वर्षांचे मूल गळ्यात पाण्याची बाटली अडकवून नर्सरीला जाते, पुढे केजीत जाते. बाकीची मुले गावच्या अंगणवाडीत बसतात. फी भरली, गणवेश घेतला, दप्तर घेतले की आपले कर्तव्य संपले असे आपण धरून चालतो. संध्याकाळी पोर घरी आले की विचारतो काय, तर "आज काय शिकवलं? एबीसीडी म्हणून दाखव." पाहुणे आले की त्यांच्यापुढे उभे करून कविता म्हणवून घेतो. पण "आज कुणाबरोबर खेळलास? कुणी रडलं का? तुला कशाचा राग आला का?" असे विचारणारी घरे थोडी.

अक्षरे आणि आकडे शाळा शिकवील, त्यासाठीच ती आहे. पण राग आला तरी हात न उचलणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, दुसऱ्याला लागले तर त्याचे दुखणे ओळखणे, हरल्यावर डाव न मोडणे आणि भीती वाटली तर ती कुणाला तरी सांगणे, या पाच गोष्टी पाटीवर गिरवून येत नाहीत. बालवाडीच्या बाई त्यासाठी झटतात, परंतु त्यांच्याकडे मूल असते तीन-चार तास. उरलेला सारा दिवस ते आपल्या घरी असते. शिक्षणशास्त्रात याला सामाजिक-भावनिक शिक्षण म्हणतात. आपल्या घरातील म्हातारी माणसे त्याला 'वळण' म्हणत. मात्र या शब्दाचा अर्थ आपण फार आखडून घेतला आहे. गप्प बसते ते पोर वळणाचे, असे आपले गणित. राग पोटात दाबून गप्प बसलेले पोर आणि राग ओळखून त्याला आवर घालणारे पोर, ही दोन्ही बाहेरून सारखीच दिसतात. आतून मात्र त्यांच्यात फार फरक असतो.

आपल्याच धंद्यातले उदाहरण घेऊ. ऊस दीड-दोन महिन्यांचा झाला की आपण बाळबांधणी करतो. खताचा हप्ता देऊन बुडख्याला हलकीशी माती लावतो. त्याने फुटव्यांना आधार मिळतो. चार-साडेचार महिन्यांनी मोठी बांधणी करतो, तेव्हा भरपूर माती चढवून पुढचे फुटवे थांबवतो. आता एखाद्याने घाई करून मोठ्या बांधणीची माती बाळबांधणीलाच ओढली तर काय होईल? कोवळे फुटवे गाडले जातील. बरे, बाळबांधणीच केली नाही, तर पुढे कितीही पोती खत टाकले तरी गेलेली वेळ परत येत नाही. पाच वर्षांच्या पोराचे असेच आहे. आधार हवा, पण हलक्या हाताने. त्याच्यावर धाकाचा डोंगर चढवणे चूक आणि "मोठं झालं की आपोआप येईल अक्कल" म्हणून मोकळे सोडणे हेही चूक. २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात स्पष्ट म्हटले आहे की, मुलाच्या मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ वयाच्या सहाव्या वर्षाआधीच झालेली असते. म्हणूनच त्या धोरणाने ३ ते ८ वर्षे हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला.

कुणी म्हणेल, साहेब, याला पुरावा काय? रास्त प्रश्न आहे. नवे खत आले तर आपणही शेजारी तुलनेचा प्लॉट ठेवल्याशिवाय विश्वास ठेवत नाही. असा तुलनेचा प्लॉट मुलांच्या बाबतीत अमेरिकेत झाला आहे. मिशिगन राज्यातील यप्सिलँटी या गावी १९६२ ते १९६७ या काळात गरीब कुटुंबांतील १२३ मुलांचे दोन गट पाडले. ५८ मुलांना चांगल्या बालवाडीत घातले, ६५ मुलांना त्या बालवाडीचा लाभ दिला नाही. बालवाडीच्या शिक्षिका आठवड्यातून एकदा दीड तास मुलाच्या घरी जाऊन आईसोबत बसत, हे त्यातले विशेष. या मुलांचा माग पुढे त्यांच्या चाळिशीपर्यंत ठेवला गेला. बुद्धीच्या चाचणीत सुरुवातीला मिळालेली आघाडी काही वर्षांतच ओसरली. परंतु चाळिसाव्या वर्षी पाहिले तर बालवाडीतल्या मुलांची कमाई जास्त होती आणि पोलिसांच्या हाती सापडण्याचे प्रसंग कमी होते. २००० साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेले जेम्स हेकमन यांनी सहकाऱ्यांसह हे आकडे पुन्हा तपासले. या फायद्याचा मोठा वाटा बुद्ध्यांकातून आला नव्हता, तर वागणुकीतून व स्वभावगुणांतून आला होता, असा निष्कर्ष त्यांनी काढला. प्लॉट लहान होता हे मान्य, पण निघालेला उतारा विचार करायला लावणारा आहे.

आणि हे शहाणपण केवळ परदेशातलेच आहे असेही नाही. ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम केले आणि १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. गरिबांची मुले बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द त्या कामातून रुजला. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी गावोगाव पोचली. शिक्षण मुलाच्या दारात गेले पाहिजे हे त्या दोघींनी ओळखले होते. आता दाराच्या आत काय चालते, ते बघणे आपल्याकडे आहे.

आत काय चालते? स्पष्ट लिहितो, राग मानू नये. पोर जेवेना की "बागुलबुवा येईल", झोपेना की "पोलीस धरून नेईल", दंगा केला की "डॉक्टर सुई टोचेल". मग तेच पोर दवाखान्याच्या दारात लोळण घेते आणि आपणच चिडतो. मुलगा रडला की "पोरीसारखा काय रडतोस?" मुलगी चिडली की "बाईच्या जातीला एवढा राग शोभत नाही." म्हणजे एकाने रडायचे नाही आणि दुसरीने चिडायचे नाही! चार माणसांत पोराची फजिती करून हसायचे, त्याच्या बोबड्या बोलाची नक्कल करायची, "तुझ्यापेक्षा तुझा चुलतभाऊ हुशार" म्हणून डिवचायचे. आपण गंमत म्हणून करतो, पण पोराच्या मनात ते राहते. पुढे भावकीत वाटणीच्या वेळी जो हेवा उफाळून येतो त्याचे बी कधी पेरले गेले होते, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

त्यात आता मोबाइलची भर पडली आहे. पोर रडले की हातात मोबाइल देऊन मोकळे. तेवढ्यापुरते ते गप्प होते, पण रडू का आले आणि ते कसे ओसरते हे शिकण्याची संधी हुकते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे की, २ ते ४ वर्षांच्या मुलाने पडद्यासमोर दिवसाकाठी एक तासाहून जास्त बसू नये, कमी बसेल तेवढे चांगले. ३-४ वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप हवी, हेही त्यातच आहे. अपुऱ्या झोपेचे पोर दिवसभर किरकिरणारच, त्याला तऱ्हेवाईक म्हणण्यात अर्थ नाही.

मग करावे काय? खर्च काही नाही. चार-पाच सवयी लावायच्या आहेत, त्याही पोराआधी स्वतःला.

पहिली गोष्ट, पोराला त्याच्या मनातल्या गोष्टींचे शब्द द्यावेत. आपल्या मराठीत किती शब्द आहेत पाहा. रुसला, फुगला, चिडला, हिरमुसला, भेदरला, ओशाळला, कावराबावरा झाला, हेवा वाटला. पाच वर्षांच्या पोराला आत काहीतरी होते आहे एवढेच कळते, त्याला नाव देता येत नाही, म्हणून ते चावते, ओरबाडते, जमिनीवर अंग टाकते. अशा वेळी वरून ओरडू नये. खाली बसावे, त्याच्या डोळ्यांत पाहावे आणि सावकाश म्हणावे, "धाकटीनं तुझा ट्रॅक्टर मोडला म्हणून राग आलाय ना? येणारच. पण मारायचं नाही. मला येऊन सांगायचं." यात राग मान्य केला, मारणे नामंजूर केले आणि तिसरी वाटही दाखवली. हे एकदा सांगून भागत नाही, पन्नास वेळा सांगावे लागते. ठिबकच्या नळीतून पाणी थेंबाथेंबाने मुरते, तसेच हे. आणि राग चढलेला असताना उपदेश करू नये. आधी पोर शांत होऊ द्यावे, पाणी पाजावे, मग बोलावे.

दुसरी गोष्ट खरे बोलण्याची. माझ्या पाहण्यातल्या दोन वस्त्या सांगतो. एका घरी कालवड विकली आणि पोराला सांगितले, "रानात चरायला गेलीय, येईल." ते पोर चार दिवस संध्याकाळी गोठ्याच्या दारात बसून राहिले. नंतर बाप बाजाराला निघाला तरी ते पाय धरून रडू लागले, कारण गेलेले परत येत नाही एवढेच ते शिकले होते. दुसऱ्या घरी गाय विकली, तेव्हा आजीने नातीला जवळ घेऊन सरळ सांगितले, "विकली बाळा. दवाखान्याला पैसे लागत होते. मलापण वाईट वाटतंय." पोर तासभर रडली, आजीनेही डोळे पुसले. मग पोरीने गाईच्या गळ्यातली घंटा मागून घेतली आणि स्वतःच्या हाताने खुंटीला अडकवली. दुःख दोन्ही घरी सारखेच होते. ते झेलायचे कसे, हे एकाच घरी शिकवले गेले.

तिसरी गोष्ट, पोराला झेपेल असे एक काम त्याचे म्हणून द्यावे. कोंबड्यांना दाणे टाकणे, जेवायला बसताना ताटे मांडणे, करडाला पाला घालणे. सांडले तर सांडू द्यावे. "तू मांडलेल्या ताटात आज सगळे जेवले" हे वाक्य त्याला खाऊपेक्षा गोड लागते. आपल्यावाचून कुणाचे तरी अडते, ही जाणीव त्यातून येते.

चौथी गोष्ट खेळाची. आपल्या जुन्या खेळांत केवढे शहाणपण भरले आहे! लगोरीत, शिवणापाणीत लहानग्याला 'कच्चं लिंबू' म्हणून घेतात. त्याच्यावर राज्य येत नाही, पण तो खेळाबाहेरही राहत नाही. दुबळ्याला सामावून घेण्याचा हा नियम कुठल्या पुस्तकातून आला नाही, पोरांनीच तो राखला. तीच गोष्ट कट्टी-बट्टीची. भांडण झाले, कट्टी घेतली, दुपारपर्यंत बट्टी झाली. पोरांच्या भांडणात रक्त निघत नाही तोवर मोठ्यांनी पडू नये. दोन आया मध्ये पडल्या की पोरे संध्याकाळी एकत्र खेळतात आणि दोन घरांचे बोलणे मात्र वर्षभर बंद राहते, हे आपण सारेच जाणतो. मात्र खेळायला सोबती हवेत आणि अंगण मोकळे हवे. वस्तीवर एकट्याच राहणाऱ्या पोराला आठवड्यातून दोनदा तरी गावातल्या मुलांत खेळायला नेले पाहिजे.

पाचवी गोष्ट बापमंडळींसाठी. पोरे म्हणजे बायकांचे काम, ही समजूत सोडली पाहिजे. दिवसभर पाणी, मजूर, सोसायटी आणि रात्रीची लाईट यांनी आपण वैतागून घरी येतो आणि तो वैताग पोराच्या पाठीवर उतरतो. असे झाले तर दुसऱ्या दिवशी पोराला जवळ घेऊन म्हणावे, "काल मी उगीच ओरडलो, चुकलं माझं." त्याने बाप लहान होत नाही. चूक कबूल करूनही माणूस मोठा राहतो, हे पोर त्यातून शिकते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. हा लेख साखर कारखान्याच्या पत्रिकेत का, याचे उत्तर त्यात आहे. आपला कारखाना उभा आहे तो पाळीवर. लागणीच्या नोंदीप्रमाणे तोडीचा क्रम लागतो आणि हजारो सभासद आपापली पाळी येईपर्यंत थांबतात, म्हणून गव्हाण सुरळीत चालते. हंगामात मात्र आपल्या ओसरीवर काय ऐकू येते? "अमक्या संचालकाला फोन लाव. चिटबॉयला गाठ. आपली तोड आधी कशी येत नाही बघू!" खांबाला टेकलेले पोर हे ऐकत असते. सकाळी आपण त्यालाच बजावलेले असते, "झोक्यावर नंबरानं बसायचं, ढकलाढकली करायची नाही." आता त्याने कोणते खरे धरावे? पोर आपले सांगणे विसरते, पण आपले वागणे उचलते.

याहून नाजूक गोष्ट टोळीची. हंगाम सुरू झाला की बीड, जालना भागातली तोडणी मजुरांची कुटुंबे आपल्या बांधाला कोप्या टाकतात. पहाटेच्या थंडीत त्यांचे पाच वर्षांचे पोर पाचटावर बसून धाकट्या भावंडाला सांभाळत असते. तेही बालवाडीच्याच वयाचे. आपले पोर बांधावर उभे राहून बघते की, आपला बाप या माणसांना काय म्हणून हाक मारतो, त्यांना पाणी कसल्या भांड्यातून देतो, वडीलधाऱ्या मुकादमाला अहो म्हणतो की अरे. माणसाची किंमत कशावरून करायची, याचा धडा तिथे पडतो, आणि एकदा पडला की पुसता पुसत नाही. म्हणून त्या पोराला नावाने हाक मारा. आपले पोर त्याच्याबरोबर खेळले तर बोलवून घेऊ नका. टोळी शिवारात आली की गावच्या अंगणवाडी सेविकेला कळवा, म्हणजे त्या मुलांनाही तिथे आहार आणि चार घटका खेळायला जागा मिळेल. याने ऊसतोडीला अडथळा येत नाही आणि आपल्या खिशाला झळ बसत नाही.

काही सभासद म्हणतील, "आम्ही मार खाऊनच मोठे झालो, आमचं काय वाईट झालं?" त्यांना एवढेच विचारावेसे वाटते की, मोठे झालो ते माराने, की मारल्यावर जवळ घेणारी आजी घरात होती म्हणून? त्या वेळी घरात दहा माणसे असत. एक ओरडला तर दुसरा पोटाशी धरी. आज वस्तीवर चारच माणसे आहेत आणि त्यांतल्या दोघांच्या हातात मोबाइल. पोटाशी धरणारे कोण उरले, ते बघा. दुसरे म्हणतील, "असं केलं तर पोरं लाडावतील." लाडावते ते मागेल ते मिळणारे पोर. इथे तर उलट सांगितले आहे. राग समजून घ्या, पण नियम सोडू नका. आणि वेळ नाही म्हणणाऱ्यांना विनंती एवढीच की, रात्रीचे जेवण सगळ्यांनी एका पंगतीत घ्या, टीव्ही व मोबाइल बंद ठेवा आणि पोरापासून आजोबांपर्यंत प्रत्येकाने दिवसात काय बरे वाटले आणि काय खुपले ते एकेका वाक्यात सांगा. अर्धा तास पुरे होतो.

एक सूचना मात्र विसरू नये. चार-पाच वर्षांचे मूल नीट बोलत नसेल, नजरेला नजर देत नसेल, इतर मुलांत मिसळतच नसेल किंवा एकाएकी गप्प गप्प राहू लागले असेल, तर अंगारे-धुपारे करत बसू नये आणि "बापावर गेलंय" म्हणून सोडूनही देऊ नये. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाडीतील मुलांची तपासणी होते. सेविकेला विचारावे, प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. लवकर दाखवले तर इलाज लवकर सुरू होतो.

सहकार म्हणजे काय हे आपण वार्षिक सभेत, भाषणांत ऐकतो. परंतु दुसऱ्याची पाळी मानणे, दुबळ्याला सांभाळून घेणे, भांडूनही पुन्हा एकत्र बसणे, हे ज्याला पाचव्या वर्षी घरात मिळाले नाही त्याला ते पन्नासाव्या वर्षी सभेत कोण शिकवणार? उद्याचे सभासद आज आपल्या ओसरीवर खांबाला टेकून बसले आहेत. पुढच्या खेपेला प्लॉट पाहणीला येईन तेव्हा ऊस तर बघूच, पण त्या छोट्या सभासदाशीही दोन शब्द बोलायला आवडेल. त्याच्याकडे लक्ष असू द्यावे, ही विनंती.

जय सहकार!

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते